परसातला धबधबा: पाणी सुरळीत पडतं म्हणजे काय?



या व्याख्यानमालेत चित्र, शिल्प, नाटक यांच्याविषयी बोलणं होत आलेलं आहे. आज आम्ही समीक्षेला जी वस्तू घेतो आहोत, तिला कलाकृती म्हणावं की नाही यावरच काही जण वाद घालतील. ही वस्तू म्हणजे परसात, बंगल्याच्या आवारात किंवा सोसायटीच्या प्रवेशदाराशी बांधलेला धबधबा. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने पंप आणि पाइप यांच्यावर कशाला बोलावं, असं कुणी विचारेल. त्याला उत्तर असं, की माणूस स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या घरात, केवळ बघण्यासाठी आणि ऐकण्यासाठी जेव्हा काही बांधतो, तेव्हा त्याची सौंदर्याची कल्पना तिथे उघडी पडते. शिवाय ही वस्तू पाण्याची आहे. आपल्या मुलखात पाण्याविषयी बोलताना केवळ सौंदर्याचं बोलून भागत नाही.

गेल्या काही वर्षांत पुण्याच्या आजूबाजूला आम्ही असे दहा-बारा धबधबे पाहिले. त्यांचं रूप ठरलेलं असतं. कोपऱ्यात माती किंवा विटांचा उंचवटा, त्याला जाळी लावून वरून सिमेंटचा गिलावा, गिलाव्याला खडकाचा आकार आणि तपकिरी रंग. नाही तर नदीतले गोल गोटे एकावर एक रचलेले, बाजारात बटाटे रचतात तसे. खाली प्लास्टिकचा कागद अंथरलेलं कुंड, त्यात बुडवलेला पंप, आणि दगडांच्या मागून वर गेलेला पाइप. बटण दाबलं की वरच्या टोकाला पाणी उसळतं, दगडांच्या फटींतून वाट मिळेल तसं धावतं, निम्मं आतल्या मातीत मुरतं, आणि उरलेलं खदखदत खाली येतं. मालक म्हणतात, "अजून जरा मोठा पंप लावायला हवा."

आमचा आजचा मुद्दा या वाक्याच्या विरोधात आहे. पाणी सुरळीत पडावं असं वाटत असेल तर ताकद वाढवून ते होत नाही. पडण्याच्या आधी पाण्याला थांबायला जागा द्यावी लागते. सुरळीत धबधब्याचं निम्मं काम धबधब्याच्या वर, कुणाला न दिसणाऱ्या जागी झालेलं असतं.

आता हे नीट बघू या. पाइपातून येणारं पाणी घुसळलेलं असतं, त्यात भोवरे असतात. ते तसंच कडेवर आलं तर पडतानाही फाटलेलंच पडणार. म्हणून कडेच्या मागे एक छोटं कुंड लागतं, जितकं खोल जमेल तितकं. त्यात पाणी तळाशी सोडायचं, तोंडापुढे दोन-चार दगड ठेवायचे, म्हणजे वेग मोडतो आणि पाणी तळातून शांतपणे वर चढतं. मग ते एका सरळ, घट्ट, पाणसळीने तपासलेल्या कडेवरून ओलांडून जातं. धरणाला आपण सांडवा म्हणतो ना, तोच हा, फक्त हातभर लांबीचा.

या सांडव्याचं गणित जलशास्त्रात जुनं आहे आणि घरच्या धबधब्यालाही साधारणपणे लागू पडतं. समजा कड ६० सेंटिमीटर लांब आहे आणि मागच्या कुंडातलं पाणी कडेच्या पातळीपेक्षा १ सेंटिमीटर वर आहे. तर कडेवरून ताशी सुमारे ४,००० लिटर पाणी जातं. तेच पाणी २ सेंटिमीटर वर ठेवायचं म्हटलं तर ताशी ११,००० लिटर लागतात. जाडी दुप्पट करायला पाणी जवळजवळ पावणेतीनपट! म्हणजे "अजून जरा" हा शब्द इथे फसवा आहे. उलट कड थोडी अरुंद केली तर तेवढ्याच पाण्याचा पडदा भरदार होतो, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट पातळीची. त्याच ६० सेंटिमीटरच्या कडेला एका बाजूने फक्त ५ मिलिमीटर उतार राहिला, तर खालच्या टोकावरून वरच्या टोकाच्या दुपटीहून जास्त पाणी जातं. एका बाजूला पडदा आणि दुसऱ्या बाजूला ठिबक असे जे धबधबे दिसतात, त्यांचा आजार पंपात नसतो, गवंड्याच्या पाणसळीत असतो. माती खचते, दगड सरकतो, आणि वर्षभरात ५ मिलिमीटर सहज जातात. म्हणून कडेच्या दगडाखाली काँक्रीटचा पक्का पाया हवा.

तिसरी गोष्ट कडेच्या खालच्या अंगाची. चहाची किटली हळूच ओतली की चहा तोटीच्या खालून ओघळत किटलीच्या पोटाला लागतो, हे आपण रोज बघतो. पाणी दगडालाही असंच चिकटतं आणि मागे वळतं. म्हणून कडेची फरशी तीन-चार बोटं पुढे काढावी लागते, तिची खालची धार तीक्ष्ण ठेवावी लागते. छज्जाचं पाणी भिंतीवर येऊ नये म्हणून गवंडी खालून खाच पाडतो, तीच युक्ती इथे.

आणि चौथी गोष्ट उंचीची. पडणारं पाणी वेग घेतं, आणि जसा वेग वाढतो तसा पडदा पातळ होतो. वर सांगितलेला ४,००० लिटरचा पडदा एक मीटर खाली येईतो अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ झालेला असतो. इतकं पातळ पाणी वाऱ्याने फाटतं, त्याच्या कडा आत ओढल्या जातात, आणि थेंब होतात. ज्याला अखंड पडदा हवा त्याने उंची गुडघ्याएवढी ठेवावी. ज्याला उंची हवी त्याने पडद्याचा हट्ट सोडावा.

हे सगळं आम्ही इतक्या तपशिलाने सांगितलं, कारण सौंदर्याची चर्चा करताना आपल्याकडे कारागिरी वगळायची सवय आहे. जपानमध्ये तसं झालं नाही. तिथे ११व्या शतकात रचला गेलेला 'साकुतेइकी' नावाचा बाग बांधण्याचा ग्रंथ आहे; तो ताचिबाना नो तोशित्सुना या दरबारी गृहस्थाच्या नावावर आहे. त्यात धबधब्यांचे प्रकार दिले आहेत, आणि ते पाणी पडण्याच्या रीतीवरून केले आहेत. एक प्रकार वस्त्रासारखा पडणारा. त्याच्यासाठी गुळगुळीत दगड निवडावा, आणि वरचं पाणी आधी मंद करून घ्यावं, म्हणजे ते वाळत घातलेल्या कापडासारखं दिसतं. दुसरा प्रकार सुतासारखा पडणारा. त्याच्यासाठी माथ्याला अनेक टोकं असलेला दगड घ्यावा, म्हणजे पाणी धाग्याधाग्यांनी सुटतं. बघा, आज जलशास्त्र जे आकड्यांत सांगतं, ते या माणसाने दगड निवडताना ओळखलेलं होतं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वस्त्र श्रेष्ठ आणि सूत कनिष्ठ अशी उतरंड तो लावत नाही. दगड जसा, पाणी जेवढं, तशी रीत.

याच विचाराचं आजच्या काळातलं मोठं उदाहरण न्यूयॉर्कमध्ये आहे. जिथे दोन मनोरे पडले तिथे २०११ मध्ये स्मारक खुलं झालं: मनोऱ्यांच्या जागी दोन चौकोनी खड्डे, आणि त्यांच्या चारही बाजूंनी सुमारे ३० फूट खाली पडणारं पाणी. मायकेल अराड यांची ती कल्पना. पाण्याचं तंत्र सांभाळणारे डॅन यूसर यांनी त्या धबधब्याच्या एका भागाचा नमुना कॅनडात आपल्या घराच्या परसात उभा करून तपासला होता. म्हणजे जगातल्या अतिशय गंभीर अशा एका धबधब्याची परीक्षा परसातच झाली! तिथे कड सलग न ठेवता बोटांसारखी दातेरी ठेवली आहे. पाणी धारांनी निघतं, आणि त्या धारांचाच पडदा होतो. ३० फुटांवर अखंड काचेसारख्या पाण्याचा हट्ट धरला असता तर किती पाणी आणि किती वीज लागली असती, याचा अंदाज वरच्या गणितावरून तुम्हीच करा. सुताची रीत पत्करली म्हणून ते काम उभं राहिलं.

सुरळीतपणा हेच पडत्या पाण्याचं एकमेव सौंदर्य आहे, असा समज मात्र होऊ देऊ नका. काश्मिरातल्या मुघल बागांनी नेमकी उलटी दिशा धरली. श्रीनगरचा शालिमार बाग जहांगिराच्या काळात १६१९ मध्ये आखला गेला. अशा बागांत एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर पाणी उतरवायला उतरती दगडी फळी बसवतात, तिला चादर म्हणतात. त्या फळीवर मुद्दाम नक्षी कोरलेली असते. पाण्याचा पातळ थर त्या खाचांवर आपटत, चमकत उतरतो. थोड्या पाण्यात जास्त उजेड, असा तो हिशोब. काही ठिकाणी पाण्याच्या पडद्यामागे भिंतीत कोनाडे असतात. त्यांत रात्री दिवे आणि दिवसा फुलं ठेवत. पडदा पारदर्शक असेल तरच या कोनाड्यांना अर्थ, आणि चादर खडबडीत असेल तरच तिला अर्थ. दोन्ही ठिकाणी पाण्याकडून काय हवं आहे हे बांधणाऱ्याला आधीच ठाऊक होतं. आणि या सगळ्यामागे पंप नव्हता. डोंगरावरून येणारा ओढा होता.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे संभाजीनगरची, आपल्या जुन्या बोलण्यातल्या औरंगाबादची, पाणचक्की. दूरच्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या नळांतून आणून उंच चढवलं आहे, आणि तिथून ते हौदात पडतं. बघायला आलेले लोक त्या पडत्या पाण्यासमोर आज फोटो काढतात. पण ते पाणी दळायला आणलं होतं. त्याच्या जोरावर जातं फिरायचं. त्याला शोभा आली ती कामाच्या ओघात. परसातल्या धबधब्याला असं काही काम नसतं. मग त्याने आपली शोभा कशावर कमवायची?

इथे आम्हाला कांटची आठवण होते. मराठी वाचकाला त्याच्या सौंदर्यविचाराची ओळख रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'तून झालेली असेल. १७९० च्या आपल्या ग्रंथात कांट एक गंमत सांगतो. एका यजमानाकडे पाहुणे गावाकडची हवा खायला आले होते. रानात नाइटिंगेल पक्षी गात नव्हता, म्हणून यजमानाने एका पोराला झुडपात लपवून पक्ष्यासारखी शीळ वाजवायला लावली. पाहुणे खूश झाले. पण हे सोंग आहे असं कळलं, की त्याच गाण्याला कुणी क्षणभरही कान देत नाही. आवाज तोच, पण गोडी गेली. निसर्ग म्हणून ज्यावर जीव लावला तो निसर्ग नव्हता.

आमच्या मते सिमेंटच्या खडकांतला धबधबा हा झुडपात लपवलेला पोरगा आहे. पाइप लपवलेला, पंप लपवलेला, खडक रंगवलेला. पाहुण्याने महाबळेश्वर आठवावं अशी अपेक्षा. आणि पाहुणा एक मिनिटात पंपाची घरघर ओळखतो.

यावर कुणी म्हणेल, "मग जपानी बागही खोटीच की! तिथेही दगड आणून रचलेले असतात." सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल; ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. तिथला दगडन् दगड माणसाने ठेवलेला आहे, हे आपल्याला माहीत असतं आणि तरी बरं वाटतं. याचं उत्तर कांटनेच त्याच ग्रंथात देऊन ठेवलं आहे. कला ही कला आहे हे आपल्याला ठाऊक असावं, आणि तरी ती निसर्गासारखी भासावी. दोन्ही अटी एकत्र. सिमेंटचा खडक पहिली अट मोडतो, कारण तो आपण घडवलेले आहोत हे लपवतो. कडाप्प्याची एक सरळ फरशी, तिच्यावरून उतरणारा हातभर पाण्याचा पडदा आणि मागे काळ्या दगडाची साधी भिंत ही रचना काहीच लपवत नाही. हे माणसाने केलेलं आहे, असं ती उघड सांगते. आणि तरी तिथलं पाणी पाण्यासारखंच वागतं, कारण त्याला तसं वागायला जागा दिलेली असते.

आता निसर्गाचीच नक्कल करायची असेल, तर ती तरी नीट करा, असं आमचं म्हणणं आहे. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा आहे. आडवे थर, त्यांत काही टणक, काही मऊ. मऊ थर झिजून आत जातो आणि वरचा टणक थर छज्जासारखा पुढे राहतो. गवंडी जी कड मुद्दाम काढतो, ती इथे लाखो वर्षांच्या झिजेने निघालेली असते. त्यात गोल गोट्यांचा ढीग कुठेही नाही. अजिंठ्याला लेण्यांच्या घळीच्या माथ्यावर वाघोरा नदी टप्प्याटप्प्याने उडी घेते. लोकांनी त्या जागेला नाव काय दिलं? सातकुंड! सात धबधबे असं कुणी म्हटलं नाही, सात कुंडं म्हटलं. पाणी जिथे थांबतं त्या जागांवरून नाव पडलं. आमचा आजचा सगळा मुद्दा त्या एका नावात आहे.

सह्याद्रीचा आणखी एक गुण आपण सोयीस्करपणे विसरतो. आपले बहुतेक धबधबे चार महिन्यांचे आहेत. जूनमध्ये जागे होतात, दिवाळीपर्यंत बारीक होतात, आणि उन्हाळ्यात कड्यावर फक्त काळा ओघळ उरतो. बारमाही धबधबा ही हिमनद्यांच्या मुलखातली कल्पना आपण कॅलेंडरच्या चित्रांवरून घेतली आणि परसात लावली.

आमच्या माहितीतल्या एका सोसायटीत यावरून मोठा वाद झाला. मार्चपासून पाण्याचे टँकर सुरू, आणि प्रवेशदाराशी धबधबा चालूच. एक पक्ष म्हणाला, "तेच पाणी फिरतंय, वाया कुठे जातंय?" दुसरा म्हणाला, "बघायला बरं दिसत नाही." आम्हाला दोन्ही युक्तिवाद अपुरे वाटतात. पहिल्याचं गणित चुकतं. कुंड १० चौरस मीटरचं असेल, तर पातळी एक मिलिमीटर उतरली की १० लिटर पाणी गेलं. उन्हाळ्यात ती रोज कित्येक मिलिमीटर उतरते, आणि उडणारे तुषार वेगळेच. शिवाय दीडशे वॉटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला १०८ युनिट वीज खातो. दुसऱ्या पक्षाने फक्त लोकलज्जा मांडली. खरा प्रश्न कुणी विचारलाच नाही: हा धबधबा बंद केल्यावर कसा दिसतो?

परसातल्या धबधब्याची हीच खरी परीक्षा, असं आम्ही मानतो. बटण बंद करा आणि बघा. सिमेंटचा डोंगर उघडा पडतो, पाइपाचं तोंड दिसतं, प्लास्टिकचा कागद दिसतो. म्हणून मालकाला तो बंद करवत नाही. टँकरचं पाणी त्यात ओतलं जातं ते या कारणाने. चांगला रचलेला दगड मात्र कोरडा झाला तरी उभा राहतो. क्योटोच्या दाइसेन-इन मंदिरात १६व्या शतकापासूनची एक बाग आहे. तिथल्या धबधब्यात पाण्याचा थेंब नाही. उभे दगड, आणि त्यांच्यातून वाहत आल्यासारखी पांढरी खडी. पाणी नसतानाही पाणी कुठून आलं आणि कुठे गेलं हे डोळ्याला समजतं. एवढी तपश्चर्या आपल्याकडून होणार नाही, पण दिशा घेता येईल.

एक गोष्ट न्यायाने कबूल करायला हवी. पाण्याच्या आवाजाने रस्त्याची खडखड मागे पडते. अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या आजोबांना खिडकीशी तो आवाज मिळाला तर त्याची किंमत युनिटांत मोजू नये. मात्र त्यासाठी डोंगर लागत नाही. गुडघाभर उंचीवरून, शांत कुंडात पडणारा वीतभर रुंद पडदा पुरतो. उंच धबधबा खोलीत शिरतो आणि बोलणं बुडवतो.

तेव्हा बांधायचाच असेल तर आमचं सांगणं थोडक्यात असं. आधी वरचं कुंड बांधा, मग कड. कड अरुंद ठेवा, पाणसळीत ठेवा, पुढे काढा. उंची कमी ठेवा. पंप घेताना त्याच्या डब्यावरचा लिटरचा आकडा पाहून भुलू नका. तो बहुधा पाणी वर चढवायचं नसताना मिळणारा असतो, तुमच्या उंचीला किती मिळतं ते विचारा. दगड आपल्या भागातला, आडवा घाला. बटण हाताशी ठेवा, माणसं बसली की लावा, उठली की बंद करा. आणि फेब्रुवारीनंतर पंप काढून, धुऊन, पुसून ठेवा.

मग पावसाळ्याच्या तोंडावर, मृगाच्या सुमाराला, तो पुन्हा सुरू होईल. कोरड्या दगडावरून पहिलं पाणी उतरताना बघायला घरची पोरं धावत येतील. बारा महिने चालणाऱ्या धबधब्याकडे कुणी असं धावत जात नाही.